सोमारी बरी हाय

एका हिवाळ्यात आमच्या ओसरीवर सोमारी नावाची एक बाई यायची, आणि तिला मिशा होत्या.

मिशा लटारूच्या. लटारू हा दंडारीतली बाई. दिवाळी सरली, धान खळ्यावर आलं की आमच्या झाडीपट्टीत गावोगाव मंडईची जत्रा भरते आणि मंडईला दंडार, म्हणजे आमचं गाण्या-नाचाचं नाटक, उभी राहते. तिच्यात बाया नसतात, बाईचं सोंग पुरुषच आणतात. लटारूनं उभं तारुण्य त्यात घातलं. सवत, सासुरवाशीण, राणी, भिकारीण, सगळ्या झाल्या. पुढे आवाज जाडावला, मंडळींनी दुसरा गडी घेतला, तेव्हा यानं रागानं मिशी राखली. “आता कोणी लुगडं नेस म्हणाले नाई पायजे,” म्हणायचा. जातीनं ढिवर. वैनगंगेत जाळं टाकायचा आणि जंगलात ऐनाच्या झाडांवर रेशमाच्या कोशाचे किडे राखायचा. झाडाखाली बसून पाखरं हाकलायची, एवढंच ते काम. तिथं बसल्या बसल्या तो स्वतःशीच दोन आवाजांत बोलायचा. लोक म्हणायचे, रांडव्या माणसाचं डोकं फिरलं. लोकांना काय, जीभ उचलून टाळ्याला लावायची.

तर हा लटारू डॉक्टर घडवायचा. हसू नका. पुढं बर्मातून आलेला एक आणि ढाक्याकडून आलेला एक, असे दोन डॉक्टर त्याच्यापाशी शिकायला आरमोरीत येऊन राहिले. पण पहिली माझी वहिनी.

माझा थोरला भाऊ गुणवंतराव सागवान मोजायच्या नोकरीवर तरुणपणी बर्मात गेला आणि सागवानाऐवजी डॉक्टरीण घेऊन परत आला. खिन मे तिचं नाव. रंगूनच्या कॉलेजातून शिकलेली, तिथल्या दवाखान्यात काम केलेली. ती आली तेव्हा मी नवऱ्याच्या घरून कायमची परत आलेली होते आणि त्याचा मला काडीचा पश्चात्ताप नव्हता. घरात आम्ही दोघी परक्या, म्हणून आमचं जमलं. ती सकाळी गालाला झाडाच्या सालीचा पिवळा लेप लावायची. आरमोरीच्या बाया भिंतीवरून डोकावून म्हणायच्या, “बाई, हळद कायची लागली व तुले?”

डॉक्टर खरी, पण इथं तिला कुणाच्या मनगटाला हात लावायची सोय नव्हती. रंगूनची पदवी इथं आपोआप चालत नाही, असं नागपूरहून उत्तर आलं. तेव्हा आमचा चांदा जिल्हा मध्य प्रदेशात, राजधानी नागपूर. ठरलं ते असं, की चांद्याच्या मोठ्या दवाखान्यात दोन परीक्षकांसमोर तिनं खरे रोगी तपासून दाखवायचे. विद्येबद्दल शंका नव्हती. रोग्याशी त्याच्या बोलीत बोलून त्याचं दुखणं काढता येतं का, हे त्यांना पाहायचं होतं. संधी एकच. जमलं नाही तर या देशात डॉक्टरकी संपली.

वहिनीला ते फार लागलं होतं. दारात तापानं फणफणलेलं लेकरू घेऊन कुणी आलं की ती दोन्ही हात पदराखाली घ्यायची आणि म्हणायची, “मला परवानगी नाही.” मग आत जाऊन चुलीपुढं बसायची. रडायची नाही. हातांकडे बघत बसायची.

आणि तिचं मराठी! एका छापील पुस्तकातून शिकलेलं. शेजारच्या म्हातारीला तिनं एकदा विचारलं, “आपणांस वेदना कोठे होत आहेत?” म्हातारी मला म्हणाली, “इंदू, तुई वयनी पोथी वाचून राह्यली का व?”

भाऊ दंडारीचा वेडा. त्यालाच सुचलं. तो लटारूला घेऊन आला आणि म्हणाला, “हिच्यापुढं रोगी हो. जसे आपले लोक बोलतात तसा बोल. बोलायचं नसंल तिथी बोलू नको.”

लटारूनं मिशीवरून हात फिरवला. “कोणता रोगी पायजे? माणूस का बाई?”

“दोन्ही.”

तो अंगणाच्या फाटकापर्यंत गेला आणि परत आला. मग म्हणाला, “येतो.”

परक्या पुरुषापुढं एकटी बाई बसणं बरं दिसत नाही, म्हणून राखणीला मी. मी चिंच फोडत बसायची. जेवणं झाली, गाव पेंगायला लागलं की लटारू यायचा. ओसरीला बांबूचा तट्ट्या होता, त्यातून उन्हाचे बारके बारके ठिपके आमच्या अंगावर पडायचे आणि वारा आला की हलायचे. त्या दुपारी आता आठवते तेव्हा त्यातलं काय घडलं आणि काय मी चिंचेच्या वासात पेंगताना पाहिलं, हे मला धड सांगता येत नाही.

लटारू अंगणातून यायचा तेव्हा लटारू असायचा आणि ओसरीची पायरी चढेपर्यंत कुणी दुसरा होऊन जायचा. एक दिवस पायात नारू झालेला गडी आला. त्यानं पायाचं नावच काढलं नाही, तासभर बैलाच्याच खुराबद्दल बोलला. एक दिवस खोकल्याचा म्हातारा आला, तो वहिनीशी बोलेचना, मला सांगायचा आणि मी तिला सांगायचं. एक दिवस लेकराला घेऊन आई आली. लेकरू म्हणजे आमची उशी, पण तिनं असं छातीशी धरलं होतं की मी आपोआप हळू बोलायला लागले.

वहिनी शिकत गेली. ‘आपणांस’ गेलं, ‘तुमाले’ आलं. बैलाचं ऐकता ऐकता माणसाच्या पायाकडे बघायला ती शिकली. चुकलं की लटारू सोंगातून बाहेर न येताच रुसायचा. म्हातारा असला तर काठी उचलून निघून जायचा, आई असली तर उशी पदराखाली झाकायची. वहिनी कपाळाला हात लावायची आणि मी पोट धरून हसायची.

मग एके दिवशी सोमारी आली.

त्या दिवशी त्यानं दंडारीच्या गाठोड्यातलं चकमकीचं लुगडं आणलं नव्हतं. हे साधं होतं, हिरवं, धुऊन धुऊन विटलेलं. ते नेसून तो ओसरीच्या कडेला बसला, डोक्यावरून पदर घेतला, डावा हात पदराआड कमरेपाशी ठेवला आणि उजव्या हातानं पदराचा काठ चुरत राहिला. मिशा होत्या, पण थोड्या वेळानं त्या दिसेनाशा झाल्या. खोटं नाही सांगत.

“नाव काय व बाई तुमचं?” वहिनीनं विचारलं.

“सोमारी.”

“कसं वाटते?”

“बरं हाय.”

“काई दुखते का?”

“नाई. बरं हाय.”

वहिनीनं सगळं करून पाहिलं. भूक, झोप, ताप, पाळी, सगळं विचारलं. गोडीनं विचारलं, जरबेनं विचारलं. सोमारी खाली बघून काठ चुरत राहिली. बरं हाय. शेवटी ऊन तट्ट्याच्या खाली उतरलं, सोमारी उठली आणि अंगण ओलांडून गेली.

दुसऱ्या दिवशी पुन्हा सोमारी. त्यानंतरही. मधे दुसरे रोगी यायचे, पण फिरून सोमारी यायचीच. वहिनीनं एकदा चिडून लटारूलाच विचारलं, “हिला झालं काय आहे, ते तर सांगा!”

“मले काऊन विचारता, डाक्टरीनबाई? तिले विचारा.” आणि मग जरा वेळानं, नदीकडं बघत, “मलेबी समजलं असतं तर बरं झालं असतं.”

मला वाटलं, नट आहे, नखरे करतो.

हळूहळू सोमारी आमच्या घरात राहायलाच आली म्हणा ना. नसली तरी असायची. थंडी पडली की मला वाटायचं, तिच्याकडं पांघरूण आहे का? चिंचेचे गोळे करताना मी एक गोळा बाजूला ठेवायची आणि मग माझं मलाच हसू यायचं. वहिनीच्या तर स्वप्नात यायची. तिच्या पेगूकडच्या गावात, नदीच्या धुक्यात सोमारी उभी असे आणि वहिनी तिला बर्मी भाषेत हाका मारत असे. “ती वळून बघते, इंदुताई,” ती सांगायची, “आणि म्हणते, बरं हाय. मला तिथंसुद्धा तेवढंच ऐकू येतं.”

माघ गेला, फाल्गुन आला. मोह गळायला लागला. पहाटे सगळं गाव टोपल्या घेऊन झाडाखाली आणि दुपारी सगळीकडे तो गोड, गुंगीचा वास. अशात परीक्षेची तारीख आली. निघायच्या आदल्या दिवशी लटारू कुणाचंही सोंग न घेता आला आणि पायरीखालीच उभा राहिला.

“सोमारीचं नाई जमलं,” वहिनी म्हणाली.

“नाई जमलं,” तो म्हणाला. “तिथी तिच्यासारखी कोणी भेटू नये म्हणजे झालं.”

वडशापर्यंत बैलगाडी, पुढं छोट्या लाईनीची गाडी. ती इतकी सावकाश चालायची की खाली उतरून मोह वेचून पुन्हा चढता आलं असतं. दोन्ही बाजूंना पळस पेटलेले. भावाला रजा मिळाली नाही, म्हणून सोबतीला मी. वहिनी खिडकीशी बसून ओठ हलवत होती. मला वाटलं, धडे घोकते आहे. विचारलं तर म्हणाली, “प्रार्थना करते. सोमारीसाठी. माझ्यासाठी कालच केली.”

दवाखान्यात मला व्हरांड्यापर्यंतच येऊ दिलं. पण खिडकी होती आणि मला डोळे होते.

परीक्षक दोघे. एक म्हातारे, गोल चष्म्याचे. दुसरे तरुण, घाईतले. पहिले दोन रोगी झटक्यात झाले. खोकल्याचा म्हातारा पाहून तर वहिनीच्या तोंडावर हसू आलं, जुनी ओळख निघाल्यासारखं. मग कुरखेड्याच्या पलीकडून, जंगलातून आलेली एक तरणी गोंड बाई आणली. तिच्यासोबत तिची सासू, खांद्याला पाण्याचा तुंबा लटकवलेला. वाळल्या भोपळ्याचा तो तुंबा जंगलातली माणसं वाटेत पाण्याला बाळगतात. तरणी बाई बसली, पदर ओढला, खाली बघितलं.

“कसं वाटते व माय?” वहिनीनं विचारलं.

“बरं हाय.”

मी खिडकीचा गज घट्ट धरला.

वहिनीनं पुन्हा विचारलं. दुसऱ्या तऱ्हेनं, तिसऱ्या तऱ्हेनं. बरं हाय, बरं हाय. सासू भिंतीकडं बघत उभी. तरुण परीक्षकानं पेन्सिल टेबलावर आपटायला सुरुवात केली. मला आत जाऊन त्याची पेन्सिल मोडावीशी वाटली. वहिनीनं दोन्ही हात पदराखाली घेतले. दारात कुणी आजारी लेकरू घेऊन आलं की घ्यायची तसे. मी म्हटलं, गेली. आता ही आयुष्यभर हातांकडं बघत बसणार.

मग ती एकदम शांत झाली. नंतर तिनं मला सांगितलं, की तिला त्या क्षणी आपलं गाव दिसलं. तिकडं प्रत्येक घरापुढं, रस्त्याच्या कडेला, वाटसरूसाठी पाण्याची मडकी भरून ठेवतात. पाणी पिऊन जो बसला तो पाहुणा, न पिता गेला तो नुसता रस्त्यानं जाणारा. आणि मग तिला आमची आरमोरी दिसली. कुणाच्याही घरी जा, आधी पाण्याचा लोटा पुढं येतो. पाणी होईपर्यंत सगळं बरंच असतं. पोरगी बरी, बैल बरा, जीव बरा. पाहुण्यानं पाणी घेतल्यावर मग खरं निघतं. ती रोज हे पाहत होती. आम्ही तर त्यातच जन्मलो, म्हणून आम्हाला ते दिसत नव्हतं.

ती खुर्चीवरून उठली आणि सासूपाशी जाऊन खाली जमिनीवर बसली.

“माय, भलतंच ऊन हाय. तुमच्या तुंब्यातलं घोटभर पाणी देता का जी?”

तरुण परीक्षक म्हणाले, “बाई, उकळलेलं पाणी आहे तिकडं.”

वहिनीनं ऐकलंच नाही. म्हातारीनं तिच्याकडं नीट बघितलं, मग खोलीकडं, मग पुन्हा तिच्याकडं. तुंब्याचं बूच काढून तिनं ओंजळीवर धार धरली. वहिनी प्यायली. तोंड पुसलं. बाहेर कावळा ओरडत होता तेवढाच.

म्हातारी सुनेकडं वळून गोंडीत काहीतरी म्हणाली. दोन-चार शब्द. आणि त्या तरण्या बाईचा पदर चुरणारा हात थांबला.

“रातचा ताप येते,” ती म्हणाली. “आन् इथी…” आणि मग ती बोलतच राहिली. लेकरू पोटातच गेलं होतं तिचं, ते तिनं कुणाला सांगितलं नव्हतं.

म्हाताऱ्या परीक्षकांनी नंतर विचारलं, “पाणी का मागितलंत?”

“तहान लागली होती,” वहिनी म्हणाली. ते हसले. कागद मागाहून येईल, म्हणाले, पण त्या बाईला औषध तिनंच द्यावं असं सांगितलं. व्हरांड्यात येऊन वहिनीनं माझ्या गळ्यात हात टाकले आणि ढसाढसा रडली. मीही रडले. मला कारण लागत नाही.

घरी आलो तर लटारू ओसरीच्या पायरीवर बसलेला. मांडीवर हिरव्या लुगड्याचं गाठोडं.

“जमलं!” मी अंगणातूनच ओरडले. “आन् सोमारीसारखीच भेटली!”

तो उभा राहिला. “बोलली?”

“बोलली.”

“कशी बोलली?”

वहिनीनं त्याला सगळं सांगितलं. तुंब्यापाशी आली तेव्हा तो खाली बसला. सांगून झाल्यावर त्यानं मांडीवरच्या गाठोड्याची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मोहाचा वास असा दाटला होता की श्वास जड व्हावा.

“आमच्या गावी आलेल्या त्या डाक्टरनं पाणी नाई घेतलं,” तो म्हणाला. आवाज लटारूचा होता, कुठल्याच सोंगाचा नव्हता. “घोड्यावरून उतरला, आंगणात उभा राह्यला. कसं वाटते म्हणे. ती म्हणाली, बरं हाय. तो तरी काय करंल, बिचारा? गेला.”

तेव्हा मला कळलं. लटारू आरमोरीत आला तो बायको गेल्यावर, नदीपलीकडच्या गावातून. तो विधुर आहे एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. पण नवरा बायकोचं नाव घेत नसतो, तेव्हा ती कोण, काय नावाची, हे इथं कुणाला माहीतच नव्हतं. सोमारी. हे नाव तोंडानं घ्यायला त्याला लुगडंच नेसावं लागलं.

“मंडईचे दिवस होते,” तो म्हणाला. “मी दंडारीतून घरी आलो. गाडी बाहेर थांबून होती, मंडळी हाका मारून राह्यली होती. मी दारातूनच विचारलं, कशी हाय व? म्हणाली, बरं हाय. मी गेलो. फिरून आलो तं…” त्यानं हातानं हवेत काहीतरी पुसलं. “इतके दिवस मले वाटे, तिनं मले काऊन नाई सांगतलं? मी का परका होतो? आज समजलं. मीबी उभ्या उभ्याच विचारलं ना, इंदुबाई. मीबी पाणी नाई घेतलं.”

आणि याच माणसाला मी म्हटलं होतं, नखरे करतो.

वहिनी उठली. तिनं त्याच्या मांडीवरचं गाठोडं अलगद काढून घेतलं, हिरवं लुगडं उलगडलं आणि खांद्यांवरून, डोक्यावरून घेतलं. आत जाऊन पाण्याचा लोटा भरून आणला आणि चौकटीशी टेकून, ओसरीच्या कडेला बसली. डावा हात पदराआड कमरेपाशी. उजव्या हातानं काठ चुरायला लागली. सगळा हिवाळा तिनं तेच तर पाहिलं होतं. एक बोटही चुकलं नाही.

लटारू पायरीवरून अंगणात उतरला आणि बघत राहिला. मग त्यानं वहाणा काढल्या, पायरी चढून आला आणि तिच्यासमोर मांडी घालून बसला.

“पाणी दे व,” तो म्हणाला.

तिनं लोटा पुढं केला. तो सगळा प्यायला, थेंब मिशीवरून गळत होते. लोटा खाली ठेवला.

“कशी हाय, सोमारी?”

पदराचा काठ थांबला.

“इथी दुखते जी,” ती म्हणाली. “कवापासून तुमाले सांगीन म्हणून राह्यली होती.”